गाणाऱ्या कोंबड्या : ईस्टरचा एक व्यंगपट आणि मावळातील कान

वॉल्ट डिस्ने यांच्या निर्मितिसंस्थेने २४ मार्च १९३४ रोजी 'फनी लिटल बनीज' हा छोटा रंगीत व्यंगपट प्रकाशित केला. त्या वर्षी ईस्टरचा रविवार १ एप्रिल रोजी होता. म्हणजे सणाच्या आठवडाभर आधी हे चित्र प्रेक्षकांपुढे आले. कथानक असे त्यात जवळजवळ नाहीच. एका रम्य भूमीत ससे ईस्टरची तयारी करीत आहेत. कोणी चॉकलेटची अंडी घडवीत आहे, कोणी खरी अंडी रंगवीत आहे. या उद्योगाला लागणारी अंडी पुरवण्याचे काम कोंबड्यांचे. त्या गातात, आणि गाता गाता अंडी घालतात. काही मिनिटांच्या या चित्रात त्यांच्या वाट्याला थोडाच अवकाश येतो. पण संगीत, श्रम आणि प्राण्याचा आवाज या तिन्हींचा जो संबंध येथे जोडला गेला आहे, तो अभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे.

प्रस्तुत लेखाचा प्रश्न साधा आहे. ज्या पक्ष्याला आपल्या संगीतशास्त्राने कधी स्वर दिला नाही, त्याच्याकडे गाण्याचे काम कसे गेले? आणि मावळासारख्या प्रदेशात, जेथे कोंबडी ही घरच्या माणसांच्या पायांत घोटाळणारी, तेथील कानाला हे गाणे कसे वाटेल? मावळ निवडण्यास कारण आहे. लोणावळा-खंडाळ्याच्या घाटमाथ्यापासून तळेगावापर्यंतच्या या पट्ट्यात डालग्याखाली झाकलेली देशी कोंबडी आणि लांबलचक पत्र्याच्या छपराखालची पोल्ट्रीतील कोंबडी या दोन्ही एकाच रस्त्याने जाताना भेटतात. शिवाय येथे जात्यावरच्या ओवीची परंपरा दीर्घकाळ टिकली. तिचा संबंध पुढे येईल.

प्रथम ईस्टर आणि अंडे यांच्या नात्याविषयी दोन शब्द. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणारा रविवार हा ईस्टरचा, असा स्थूल नियम आहे. त्याच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मध्ययुगीन युरोपात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. माणसांनी अंडी खाणे सोडले तरी कोंबड्यांनी ती घालणे सोडलेले नसे. साहजिकच सणाला घरोघर अंड्यांचा साठा असे. यामागे एक निसर्गनियमही आहे. कोंबडीचे अंडी घालणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. लंडनच्या अक्षांशावर हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही कमी आणि उन्हाळ्यातला सर्वांत मोठा साडेसोळा तासांहून अधिक असतो. कृत्रिम प्रकाश येण्यापूर्वी तिकडच्या कोंबड्या हिवाळ्यात जवळजवळ थांबत आणि वसंतात दिवस वाढू लागला की पुन्हा सुरू करीत. अंडे हे वसंताचे चिन्ह झाले ते केवळ कविकल्पनेने नव्हे.

लोणावळ्याला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा. हा फरक इतका थोडा की, येथल्या कोंबडीच्या वर्षाला तसे ठळक ऋतुमान राहत नाही. ती आपल्या क्रमाने दहा-पंधरा अंडी घालते, खुडूक होते, पिले काढते, पुन्हा घालू लागते. बोरघाटातून १८६३ साली लोहमार्ग सुरू झाल्यानंतर लोणावळा-खंडाळ्यास जी ख्रिस्ती वस्ती वाढली, तिच्यामुळे ईस्टर येथे अपरिचित नाही. परंतु अंड्याचा सण म्हणून त्याला जो युरोपीय निसर्गाचा आधार आहे, तो या अक्षांशावर मिळत नाही. व्यंगपटातील कोंबड्यांच्या सामूहिक उत्साहामागे हिवाळा संपल्याचा आनंद आहे, हे आपल्याकडील प्रेक्षकाने समजून घ्यावे लागते.

आता आपल्या परंपरेकडे वळू. कोंबड्याच्या आवाजाला आपल्याकडे मोठा मान आहे. पाणिनीने ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत या स्वरांच्या तीन कालमानांची व्याख्या केली ती 'उ' या स्वराच्या आधारे; आणि दुसरा कोणताही स्वर न घेता उकारच का घेतला, या प्रश्नाला व्याकरणपरंपरेत उत्तर दिले जाते ते असे की, कोंबड्याच्या आरवण्यात हे तिन्ही उकार क्रमाने ऐकू येतात. पहाटे अध्ययनास बसणाऱ्या बटूंना याहून सोपे उदाहरण कोणते मिळणार? शिक्षाग्रंथांत चाष, कावळा, मोर आणि मुंगूस यांच्या आवाजांवरून मात्रांची मोजणी सांगितली आहे. नारदीय शिक्षेपासून सप्तस्वरांची सांगड प्राण्यांशी घातलेली आढळते. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकरा'त षड्जाला मोर, ऋषभाला चातक, गांधाराला बकरा, मध्यमाला क्रौंच, पंचमाला कोकिळ, धैवताला बेडूक आणि निषादाला हत्ती असा क्रम दिला. बेडकाला धैवत मिळाला. कोंबडीला काही नाही.

लोकभाषेची स्थिती फारशी निराळी नाही. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण कोंबड्याच्या आवाजाविषयी आहे. कोंबडीविषयीची सर्वपरिचित म्हण कोणती? चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. एकाची म्हण वेळेची, दुसरीची दराची. शालेय व्याकरणात ध्वनिदर्शक शब्दांची जी यादी आपण सर्वांनी पाठ केली, तीत मोराचा केकारव आहे, पारव्याचे घुमणे आहे, बेडकाचे डरावणे आहे, कोंबड्याचे आरवणेही आहे. कोंबडीच्या आवाजाला त्या यादीत सहसा शब्द सापडत नाही. लोणावळ्याशी जिचे नाव कायमचे जोडले गेले आहे त्या योगविद्येतही (कैवल्यधामाची स्थापना तेथे १९२४ साली झाली) कुक्कुटासन आहे, पण ते नावाप्रमाणे कोंबड्याचे. कार्ल्याच्या एकवीरेला किनाऱ्यावरून येणाऱ्या कोळ्यांचा नवसही बोलून चालून कोंबड्याचा.

अर्थात ग्रंथात नाही म्हणून भाषेत नाही असे होत नाही. 'खुडूक' हा शब्द पाहावा. अंड्यांवर बसायच्या मनःस्थितीत आलेली कोंबडी घशातून थांबून थांबून एक ठोकळ आवाज काढते, पिसे फुलवते, जवळ गेल्यास टोचते. ती 'खुडूक झाली' असे मावळातील बाई म्हणते. हा शब्द त्या आवाजावरूनच आलेला असावा असे आम्हांस वाटते. कोंबडीच्या अवस्थेला तिच्या आवाजाचे नाव देणारी ही भाषा पंडितांची नव्हे, खुराडे सांभाळणारीची आहे.

कोंबडीचा आवाज प्रत्यक्षात कसा असतो, हे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. निकोलस कोलायस आणि मार्टिन जूस यांनी १९५३ साली कोंबड्यांच्या आवाजांचे ध्वनिलेख काढून त्यांचे पृथक्करण प्रसिद्ध केले; पुढे १९८७ साली कोलायस यांनी लाल रानकोंबड्याच्या, म्हणजे पाळीव कोंबडीच्या मुख्य पूर्वजाच्या, हाकांची तपशीलवार नोंद मांडली. त्यांत सुमारे दोन डझन निरनिराळ्या हाका आहेत. पिलांना खाऊ दाखवण्याची हाक तुटक आणि जलद. आकाशात घार दिसल्यावरची हाक बारीक व लांबट. जमिनीवरून मांजर किंवा कुत्रा आल्यावरची हाक ठोकेदार आणि चढती. या शेवटच्या दोन हाकांत जातीचाच फरक आहे, आणि ऐकणाऱ्या कोंबड्या धोका न पाहताही त्याप्रमाणे वागतात, हे नंतरच्या प्रयोगांनी दाखवले. एके ठिकाणी त्या दबून बसतात, दुसऱ्या ठिकाणी मान उंचावून पाहू लागतात. (जाता जाता एक गोष्ट : मावळाच्या रानात आढळतो तो करडा रानकोंबडा, लाल नव्हे. २००८ साली स्वीडनमधील संशोधकांनी असे दाखवले की, पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा वंशघटक या करड्या जातीकडून आला आहे. परसातल्या कोंबडीच्या पिवळ्या पायांत दक्षिणेकडील या रानपाखराचा अंश आहे, असे म्हणता येईल.)

व्यंगपटाच्या दृष्टीने महत्त्वाची हाक म्हणजे अंडे घातल्यानंतरची. तिची रचना अशी : आखूड, सारख्या उंचीचे, जवळजवळ समान अंतराने येणारे काही ध्वनी, आणि त्यांच्या टोकाला एक लांब, जोरकस, एकदम वर उडी घेणारा ध्वनी. पुन्हा आखूड ध्वनींची रांग, पुन्हा उडी. हे कधीकधी कितीतरी मिनिटे चालते. यात कोणी तिहाई ऐकू पाहील. पण तिहाईत गणित असते, येथे ते नाही. आखूड ध्वनी कधी तीन, कधी पाच, कधी सात. समेवर येण्यापूर्वीच्या मुखड्याशी याची तुलना करणे अधिक योग्य होईल. मुखडा लहानमोठा झाला तरी ऐकणाऱ्याला सम केव्हा येणार याची चाहूल लागतेच, आणि ती आली की मान हलते. कोंबडीच्या हाकेत वाट पाहायला लावण्याचा आणि वाट पाहणे पुरे करण्याचा हाच गुण आहे.

आपल्या शास्त्रकारांना ही हाक ऐकू येत नव्हती असे कसे म्हणावे? त्यांनी प्राण्यांचे आवाज दोनच मापांनी मोजले : एक उंचीचे, म्हणजे स्वराचे, दुसरे लांबीचे, म्हणजे मात्रेचे. कोंबडीच्या हाकेचे सार या दोहोंत मिळत नाही. ते पुनरावृत्तीत आणि आघाताच्या जागेत आहे. ताल व लय यांचा आपल्याकडे अत्यंत सूक्ष्म विचार झाला आहे, पण त्या विचारासाठी प्राण्यांकडे जाण्याची गरज कोणास वाटली नाही. तेथे हाताच्या क्रिया आणि मृदंगाचे बोल पुरेसे होते. कोंबडी राहून गेली ती या दोन शास्त्रांच्या मधल्या जागेत.

युरोपीय वाद्यसंगीताने ही जागा बरीच आधी हेरली होती. फ्रेंच रचनाकार रामो याने १७३०च्या आगेमागे हार्पसिकॉर्डसाठी रचलेल्या एका कृतीचे नावच 'कोंबडी' असे आहे. एकाच स्वराचे लागोपाठ ठोके आणि शेवटी भरभर चढणारा स्वरसमूह, एवढ्या बीजावर ती उभी आहे. रामोने स्वरलिपीखाली कोंबडीच्या आवाजाची अक्षरेही घातली, म्हणजे वादकास संशय उरू नये. हायडनची १७८५ सालातील ८३ वी सिंफनी याच नावाने ओळखली जाते. हे नाव त्याने दिलेले नसून पहिल्या भागातील एका ठोकेदार स्वरवाक्यामुळे मागाहून रूढ झाले. सँ-साँ याने १८८६ साली रचलेल्या 'प्राण्यांच्या जत्रे'त सिंहामागोमाग कोंबड्या येतात. तात्पर्य, १९३४ साली अमेरिकेत कोंबडीला गाणे देणाऱ्या रचनाकारांच्या पाठीशी दोनशे वर्षांची रूढी होती. त्यांचे कर्तृत्व वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ते समजण्यासाठी व्यंगपट तयार कसा होई हे पाहिले पाहिजे.

'फनी लिटल बनीज' हा 'सिली सिंफनीज' या मालेतील. १९२९ ते १९३९ या काळात त्या मालेत ७५ चित्रे निघाली. माला सुरू करताना कल्पना अशी होती की, येथे चित्राने संगीताच्या मागे चालावे. या चित्राचा दिग्दर्शक विल्फ्रेड जॅक्सन. १९२८ साली 'स्टीमबोट विली' या बोलपटाच्या वेळी चित्र आणि ध्वनी यांची गाठ कशी घालावी हा प्रश्न पडला असता ती युक्ती सुचवणारा हाच. त्याची आई संगीतशिक्षिका होती, आणि मेट्रोनोम हे लंबकाचे तालमापक यंत्र त्याच्या परिचयाचे होते. बोलपटाची फीत सेकंदाला २४ चौकटी या ठराविक वेगाने धावते. तेव्हा दर १२ चौकटींना एक ठोका धरला तर मिनिटाला १२० ठोके पडतात. दर ८ चौकटींना धरला तर १८०. एकदा हे ठरले की, संगीतकार आणि चित्रकार यांनी एकमेकांचे तोंड न पाहताही काम करावे. पाऊल, उडी, डोळ्याची उघडझाप, सारे बरोबर ठोक्यावर पडणार. पुढे यासाठी स्वतंत्र ताळेबंदच लिहिले जाऊ लागले. वर संगीताच्या मात्रा, खाली कृती. दिग्दर्शकाच्या खोलीला त्या संस्थेत 'संगीतकक्ष' म्हणत, यावरून कोणाचे राज्य होते ते दिसून येईल.

अशा पद्धतीत कोणता प्राणी सर्वांत सोयीचा? ज्याच्या आवाजातच ठोका आहे तो. कोकिळेची तान चौकटींत मोजून बसवणे कठीण. तिच्यात मींड आहे, ठोका नाही. कोंबडीची आखूड ध्वनींची रांग मात्र जशीच्या तशी आठ-आठ किंवा बारा-बारा चौकटींवर बसते, आणि टोकाची उडी ही हमखास दृश्य घटना होते. मान ताणली, डोळे विस्फारले, अंडे पडले. निसर्गातील अनियमित मुखडा येथे नियमित केला जातो, एवढाच फरक. आणि हा फरक लहान नाही, हे पुढे दिसेल.

१९३४ हे वर्ष या बाबतीत विलक्षण म्हटले पाहिजे. त्याच वर्षी, जॅक्सनच्याच दिग्दर्शनाखाली, 'द वाइज लिटल हेन' हे चित्र आले. डोनाल्ड या बदकाचा पहिला प्रवेश त्यातला. ऑगस्टमध्ये 'ऑर्फन्स बेनिफिट' या चित्रात क्लॅरा क्लक ही स्थूलदेही गायिका कोंबडी अवतरली. शहाण्या कोंबडीला आणि क्लॅराला आवाज दिला तो फ्लॉरेन्स गिल या एकाच बाईने. शब्द न उच्चारता केवळ कोंबडीच्या अक्षरध्वनींनी संपूर्ण चाल गाण्याची तिची हातोटी होती. १९३६ सालच्या 'मिकीज ग्रँड ऑपेरा'त क्लॅरा थेट ऑपेराच्या रंगमंचावर गेली. येथे विनोद कशाचा आहे हे नीट पाहावे. क्लॅराला हसतो तेव्हा आपण कोंबडीला हसत नसून ऑपेरातील थोराड नायिकेला हसतो. ईस्टरच्या चित्रातील कोंबड्यांना मात्र कोणाचे सोंग आणायचे नाही. त्या कोंबड्या म्हणूनच, आणि कामावर असतानाच गातात.

आपल्याकडील प्राणिकथेशी याची तुलना केली तर एक मौज दिसते. पंचतंत्रात प्राणी बोलतात, राज्य करतात, फसवतात. गाणे मात्र तेथे संकटाचे कारण. पाचव्या तंत्रातील गाढव काकडीच्या शेतात स्वर, ग्राम, मूर्च्छना यांची सगळी विद्या कोल्ह्याला ऐकवते आणि मग तोंड उघडून राखणदाराचा मार खाते. शास्त्र पाठ असून आवाज गाढवाचा, हा त्यातील विनोद. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीने १९३४ सालीच 'जंबू काका' हा व्यंगपट काढला, त्याचे चित्रकार रघुनाथ केळकर. त्या नावातही जंबुक म्हणजे कोल्हाच दडलेला आहे. कोल्हापूरहून पुण्यास येऊन प्रभातला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. चित्रे हालवण्याची विद्या घाटाच्या या बाजूला पोहोचली होती, हे त्यावरून कळते. तिने सोबत घेतला तो कथेतला जुना धूर्त प्राणी.

गाणारी कोंबडी मावळी कानाला अगदीच परकी का वाटू नये, याचे कारण पंचतंत्रात नाही, जात्यात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांसह पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी गावांपासून आरंभ करून जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह केला, त्याची संख्या एक लाखाच्या वर गेली. ध्वनिमुद्रणाच्या कामी बर्नार बेल यांचे साहाय्य झाले, आणि २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळाद्वारे हा संग्रह अभ्यासकांस खुला होत गेला. ओवीची लय कोठून येते? जात्याच्या फेऱ्यातून. खुंटा धरलेला हात पुढे जातो, मागे येतो; समोर दुसरी बाई असली तर फेरा दोघींत वाटला जातो; मुठीने वैरण घालताना गळा क्षणभर थांबतो. ओवीतील ओढ आणि विसावा यांची जागा या हालचाली ठरवतात. जाते हे येथे तालवाद्य आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आणि पहाटेच्या या गाण्याची वेळ कोंबड्याच्या आरवण्याची, हे मावळात वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणजे व्यंगपटातील कोंबड्या आणि दळणारी बाई यांच्यात एक साम्य स्पष्ट आहे. दोन्हीकडे काम आणि गाणे एकाच तालावर चालतात, आणि दोन्हीकडे संगीताचे मूळ स्वरात नसून ठोक्यात आहे. शार्ङ्गदेवाच्या यादीला सापडले नाही ते व्यंगपटाला व ओवीला सापडले. परंतु साम्य येथेच संपते. दळणारी बाई जात्याला गती देते आणि त्या गतीवर स्वतःचे शब्द बसवते. त्या शब्दांत श्रमाचे कौतुक असते तसे गाऱ्हाणेही असते. माहेर, सासर, नवऱ्याचा राग, लेकीचे दूर जाणे, पाठीचा कणा मोडणारे काम. जात्याला देव म्हणून हाक मारणारीच जात्याला वैरीही म्हणू शकते. गाणे तिचे आहे म्हणून तिला हे शक्य होते. कोंबड्यांच्या गाण्याचा ठोका आधी ठरला, मग चाल ठरली, मग तोंडे हलवली गेली. त्यांच्या कामाविषयी त्यांचे मत काय, हे विचारायला तेथे जागाच नाही. आनंद हा त्या ताळेबंदातच लिहिलेला आहे.

हा आक्षेप चित्रावर घेण्यासारखा नाही, अशी शंका कोणी काढील. लहान मुलांच्या सणाचे चित्र. कोंबडी गाते, मूल हसते, त्यात श्रमशास्त्र कशाला? शंका रास्त आहे, आणि चित्राची गोडी त्याने कमी होते असे आम्हीही म्हणत नाही. पण प्राण्याच्या आवाजाचा अर्थ लावणे ही गोष्ट आज केवळ रसिकतेची राहिलेली नाही. अंड्यासाठी पाळलेल्या कोंबडीची एक हाक युरोपीय अभ्यासकांनी, विशेषतः नेदरलँड्समध्ये, गेल्या शतकाच्या अखेरीस काळजीपूर्वक तपासली. तिला ते 'गाकेल' हाक म्हणतात. आरंभी एक लांब, कण्हल्यासारखा ध्वनी आणि मागून काही आखूड ध्वनी, अशी तिची घडण. म्हणजे अंडे घातल्यानंतरच्या हाकेतील क्रम येथे जवळजवळ उलटा होतो. ही हाक अंडे घालण्यापूर्वी, कोंबडी जागा शोधत हिंडते तेव्हा ऐकू येते. आणि जागा मिळाली नाही तर वाढते. भुकेल्या कोंबडीला अन्न समोर दिसावे पण पोहोचता येऊ नये, अशी व्यवस्था केली असतानाही ती वाढलेली आढळली. इच्छा अडवली गेल्याची ती खूण आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

परसातल्या कोंबडीचा क्रम यावरून कळतो. प्रथम ती हिंडते, कोपरे धुंडाळते, अशी हाक देते. मावळातील घरात अशा वेळी तिला माच्याखाली किंवा भाताच्या पेंढ्याच्या टोपलीत जागा करून देतात. मग ती बसते. बसल्यावर आवाज थांबतो. अंडे पडण्याचा क्षण बहुधा निःशब्द असतो. त्यानंतर ती उठून बाहेर येते आणि मग तो सुप्रसिद्ध कोलाहल सुरू होतो. हा कोलाहल कशासाठी, याविषयी अजून एकमत नाही. कळपापासून दूर गेलेली कोंबडी पुन्हा कोंबड्याला व सोबतिणींना गाठू पाहते, असे काही म्हणतात. शत्रूचे लक्ष घरट्यापासून दूर खेचते, असे दुसरे. या तीन अवस्थांची, म्हणजे शोध, मौन आणि घोषणा यांची, व्यंगपटात एकच अवस्था झाली आहे. गाणे आणि अंडे एकाच ठोक्यावर पडतात. संगीताच्या सोयीसाठी जे गाळले गेले, त्यात जागेचा शोध हा पहिला.

आणि पिंजऱ्याच्या पोल्ट्रीतही नेमका तोच गाळला जातो. पुणे जिल्ह्यातील ज्या शेडांत अंड्यांसाठी पिंजऱ्यात कोंबड्या ठेवतात, तेथे जाळीची तिरपी जमीन असते. अंडे पडताच घरंगळत पुढच्या पन्हळीत येते. घरटे नाही. दिवसाच्या लांबीचा प्रश्न विजेच्या दिव्यांनी सोडवलेला असतो. अंडी घालण्याच्या काळात सोळा तासांपर्यंत प्रकाश देण्याचा प्रघात सर्वत्र आहे. मावळाच्या अक्षांशावर सूर्य कधीही देत नाही इतका लांब दिवस, जवळजवळ इंग्लंडमधील जूनचा, तेथे बाराही महिने असतो. ईस्टरच्या ऋतूला शेवट उरला नाही, असे त्याचे वर्णन करता येईल. देशी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी घाली. संकरित कोंबडी तीनशेच्या घरात जाते, कारण खुडूक होण्याची प्रवृत्ती निवडीने तिच्यातून जवळजवळ काढून टाकलेली आहे. युरोपीय संघाने १९९९ सालच्या आपल्या निर्देशान्वये साधे पिंजरे २०१२ पासून बंद केले, आणि त्यानंतर ठेवायच्या पिंजऱ्यांत घरट्याची जागा आवश्यक ठरवली. त्या निर्णयामागील शास्त्रीय चर्चेत घरट्यावाचून अस्वस्थ फिरणाऱ्या कोंबडीच्या वर्तनाला मोठे स्थान होते.

शेडातली नवी पिढी 'खुडूक' हा शब्द क्वचितच वापरते. वापरण्याचा प्रसंगच तिला येत नाही. अंडे घालण्यापूर्वीची ती लांब, कण्हती हाक मात्र निवडीने गेलेली नाही. शेडात शिरल्यावर प्रथम नुसता एकसुरी गोंगाट वाटतो. सकाळच्या पहिल्या प्रहरी, बहुतेक अंडी पडण्याच्या वेळेस, थोडे थांबून ऐकले तर त्या गोंगाटात ती वेगळी काढता येते : लांब ध्वनी आधी, आखूड मागून.